मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : गुणवत्तेचा विकास

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता, बदलता व पुन्हा वितरित करता येते आणि हे अधिकार परवान्याद्वारे स्पष्टपणे दिलेले असतात, त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. मूळ संहिता म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याने संगणकीय भाषेत लिहिलेला, माणसाला वाचता येण्यासारखा मजकूर होय. संकलक नावाच्या आज्ञावलीकडून तिचे यंत्राला समजणाऱ्या अंकरूप आज्ञांत रूपांतर होते. व्यापारी सॉफ्टवेअर बहुधा या रूपांतरित अवस्थेतच ग्राहकाला मिळते. त्यामुळे त्यातील दोष शोधणे व दुरुस्त करणे मुख्यत्वे निर्मात्याच्याच हाती राहते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम कोणीही करू शकतो. मात्र ते करण्याचे बंधन कोणावरही नसते. या सॉफ्टवेअरचे बहुतेक परवाने कोणतीही हमी दिलेली नाही असे स्पष्टपणे नमूद करतात. तथापि एकविसाव्या शतकात बँका, रुग्णालये, दूरध्वनी यंत्रणा आणि शासकीय कार्यालये यांचे दैनंदिन व्यवहार मोठ्या प्रमाणावर अशाच सॉफ्टवेअरवर अवलंबून आहेत. हमी नसलेल्या वस्तूची गुणवत्ता कोणी व कशी राखावयाची, हा या क्षेत्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पूर्वेतिहास : संगणकाच्या आरंभकाळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकावयाची वस्तू मानली जात नसे. अमेरिकेत १९५५ मध्ये आयबीएम कंपनीच्या यंत्रांचे वापरकर्ते ‘शेअर’ या संघटनेत एकत्र आले व आपापल्या आज्ञावल्या आणि दुरुस्त्या परस्परांना देऊ लागले. १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र व सॉफ्टवेअर यांच्या किमती वेगळ्या करण्याची घोषणा केली. त्यानंतर सॉफ्टवेअर हा स्वतंत्र व्यवसाय झाला आणि मूळ संहिता व्यापारी गुपित म्हणून राखली जाऊ लागली. या बदलाची झळ संशोधन संस्थांनाही लागली. १९८० च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक मुद्रणयंत्र होते. त्यात कागद वारंवार अडकत असे. कागद अडकताच वापरकर्त्याला तशी सूचना मिळावी, एवढी सोय करण्याची तेथील रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांची इच्छा होती. परंतु यंत्राची मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. ज्याला दोष दिसतो व जो तो दुरुस्त करू शकतो, त्यालाच दुरुस्तीची मुभा नाही, ही स्थिती त्यांना अन्यायाची वाटली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त परिचालन प्रणालीच्या निर्मितीची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसेन्स या परवान्याची पहिली आवृत्ती प्रसृत झाली. लेखाधिकाराच्या कायद्याचाच आधार घेऊन या परवान्याने असे बंधन घातले, की बदललेली आज्ञावली वितरित करणाऱ्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर उपलब्ध केली पाहिजे. एकाने केलेली सुधारणा सर्वांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग यामुळे कायद्याने सुरक्षित झाला.

सहकार्याची साधने : दूरवरच्या व परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांनी एकाच मजकुरावर काम करावयाचे, तर कोणी काय बदलले हे नेमके कळले पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय व जेम्स हंट यांनी ‘डिफ’ ही आज्ञावली तयार केली. दोन मजकुरांत ज्या ओळी भिन्न असतील तेवढ्याच ती काढून दाखवते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ ही तिची जोड आज्ञावली प्रसृत केली. तिच्या साहाय्याने डिफने दाखवलेला फरक मूळ मजकुरात आपोआप बसवता येतो. त्यामुळे हजारो ओळींची संहिता पाठवण्याऐवजी दहा-वीस ओळींची दुरुस्ती पत्राने पाठवणे शक्य झाले. वाचणाऱ्याचे लक्ष बदललेल्या ओळींवरच केंद्रित होत असल्याने तिचे परीक्षणही सुकर झाले. संहितेच्या क्रमशः आवृत्त्या जतन करण्यासाठी मार्क रॉचकाइंड यांची एससीसीएस (१९७२), वॉल्टर टिची यांची आरसीएस (१९८२) व डिक ग्रून यांची सीव्हीएस (१९८६) या प्रणाली अनुक्रमे प्रचारात आल्या. सीव्हीएसमुळे अनेकांना एकाच वेळी एका संहितेवर काम करणे शक्य झाले.

चाचणीच्या क्षेत्रात या सुमारास लागलेला एक शोध पुढे फार महत्त्वाचा ठरला. १९८८ च्या शरद ऋतूत एका वादळी रात्री विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर घरातून दूरध्वनीच्या तारेद्वारे विद्यापीठातील संगणकावर काम करीत होते. वादळामुळे तारेत खरखर उत्पन्न होऊन पाठवलेल्या अक्षरांत भलतीच अक्षरे मिसळत आणि नेहमीच्या वापरातील आज्ञावल्या बंद पडत. यावरून त्यांनी आज्ञावल्यांना हेतुतः निरर्थक, यादृच्छिक अक्षरे पुरवून पाहण्याची चाचणी बसवली व तिला ‘फझ’ असे नाव दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार युनिक्स प्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवरील पाव ते एक तृतीयांश आज्ञावल्या या चाचणीत कोसळल्या अथवा अडकून पडल्या. १९९५ मध्ये हीच चाचणी पुन्हा घेण्यात आली. त्या वेळी ग्नूच्या आज्ञावल्यांचे अपयशाचे प्रमाण सर्वांत कमी आणि लिनक्सवरील आज्ञावल्यांचे त्याखालोखाल आढळले. दोन्ही प्रमाणे एक दशांशाहून कमी होती. बहुतेक विनामोबदला लिहिलेल्या आज्ञावल्या मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्यांहून अधिक भक्कम ठरल्या, हे या क्षेत्राबाहेरील अनेकांना अनपेक्षित होते.

लिनक्स व ‘अनेक डोळ्यां’चा सिद्धांत : हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हॉल्ड्स (१९६९– ) यांनी १९९१ मध्ये लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसृत केली. काम पूर्ण होण्याची वाट न पाहता ती वरचेवर प्रसृत करावयाची व वापरणाऱ्यांनी कळवलेले दोष तातडीने दुरुस्त करावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. या पद्धतीचे विवेचन एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये जर्मनीतील वुर्ट्‌सबर्ग येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात केले. पाहणारे डोळे पुरेसे असतील, तर प्रत्येक दोष कोणाला ना कोणाला सोपा वाटतोच, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांनी याला ‘लिनसचा नियम’ म्हटले. १९९८ च्या आरंभी नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची संहिता खुली करण्याचे ठरवले. त्याच सुमारास ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा रूढ झाली.

नियम म्हणून हा सिद्धांत आकर्षक असला, तरी यशस्वी प्रकल्पांतील प्रत्यक्ष व्यवहार केवळ डोळ्यांच्या संख्येवर विसंबून नव्हता. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या सामाजिक करारात दोष लपवले जाणार नाहीत असे अभिवचन दिले व दोषांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवली. नेटस्केपच्या संहितेवर उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पाने १९९८ मध्ये ‘बगझिला’ ही दोषनोंदीची प्रणाली मुक्त केली. प्रत्येक दोषाला क्रमांक, जबाबदार व्यक्ती व सद्यःस्थिती असल्यामुळे तक्रार हरवण्याचा संभव कमी झाला. याच प्रकल्पातील ‘टिंडरबॉक्स’ ही यंत्रणा संहिता सतत संकलित करून पाही आणि कोणत्या बदलामुळे संकलन मोडले हे तक्त्यावर लाल रंगाने दाखवी. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या अखंड चाचणीच्या पद्धतीचे हे एक आरंभीचे रूप होय.

परीक्षणाची शिस्त : लिनक्सवर काम करणाऱ्यांची संख्या वाढली, तशी प्रत्येक दुरुस्ती एकट्या टॉरव्हॉल्ड्स यांनी वाचणे अशक्य झाले. त्यातून उतरंडीची रचना तयार झाली. गाभ्याच्या प्रत्येक भागासाठी एक वा अनेक देखभालकर्ते असतात. दुरुस्ती प्रथम त्यांच्याकडे जाते आणि त्यांनी पसंत केलेलीच पुढे सरकते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आपली संहिता लिनक्समध्ये घुसवल्याचा दावा करून आयबीएमविरुद्ध खटला भरला. यानंतर २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीवर ती देणाऱ्याने व पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक देखभालकर्त्याने आपल्या नावाची नोंद करण्याचा नियम झाला. ही नोंद मुळात संहितेच्या उगमाची ग्वाही म्हणून आली. परंतु कोणती ओळ कोणाच्या हातून आली, हेही तिच्यामुळे कायमचे नमूद होऊ लागले. एखाद्या बदलामुळे वापरकर्त्याची चालू असलेली आज्ञावली मोडली, तर तो दोष बदलाचाच मानावयाचा, हाही या प्रकल्पाचा कटाक्षाने पाळला जाणारा दंडक आहे.

लिनक्सच्या संहितेचे व्यवस्थापन २००२ पासून बिटकीपर या व्यापारी प्रणालीवर होत असे. एप्रिल २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाल्याने टॉरव्हॉल्ड्स यांनी ‘गिट’ ही नवी प्रणाली लिहिण्यास आरंभ केला व काही दिवसांतच ती वापरण्याजोगी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. गिटमध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ संहितेचा संपूर्ण इतिहास असतो आणि प्रत्येक आवृत्तीला तिच्या आशयावरून काढलेली अंकमुद्रा असते. त्यामुळे जुन्या इतिहासात गुपचूप फेरफार केल्यास तो उघडकीस येतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबसारख्या सेवांमुळे दुरुस्ती सुचवणे, तिच्यावर ओळीओळीने चर्चा करणे व तिची चाचणी आपोआप घेणे या गोष्टी लहान प्रकल्पांच्याही आवाक्यात आल्या.

गुणवत्तेकडे जाणारी याहून निराळी वाटही आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये प्रसृत केलेल्या ‘एसक्यूलाइट’ या माहितीसाठ्याच्या आज्ञावलीची संहिता सर्वांना खुली असली, तरी बाहेरच्यांच्या दुरुस्त्या तिच्यात सहसा स्वीकारल्या जात नाहीत. तिचा विकास मोजक्या व्यक्तींच्या हाती आहे. मात्र तिच्या चाचण्यांची संहिता मूळ आज्ञावलीच्या कित्येक शतपट मोठी आहे आणि विमानांतील सॉफ्टवेअरला लावण्यात येणाऱ्या कसोटीनुसार आज्ञावलीतील प्रत्येक निर्णयशाखा या चाचण्यांतून तपासली जाते. जगातील बहुतेक भ्रमणध्वनींत ही आज्ञावली असते. वाचकांची गर्दी नसतानाही कठोर चाचणीच्या बळावर उत्तम गुणवत्ता साधता येते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सिद्धांताच्या मर्यादा : अनेक डोळ्यांचा सिद्धांत किती अपुरा आहे याचा पहिला मोठा प्रत्यय डेबियनमध्येच आला. आंतरजालावरील संदेश सांकेतिक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत काही ओळींविषयी तपासणीचे एक साधन धोक्याच्या सूचना देत असे. २००६ मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याने ओपनएसएसएलच्या चर्चापत्रांत विचारणा करून त्या ओळी आपल्या आवृत्तीतून काढल्या. सांकेतिक किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता मुख्यतः त्याच ओळींतून मिळत होती. परिणामी अगणित किल्ल्यांऐवजी यंत्राच्या प्रत्येक प्रकारासाठी जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्याच संभवू लागल्या. साध्या संगणकालाही त्या एकेक करून लावून पाहणे शक्य होते. संहिता सर्वांसमोर असूनही हा दोष मे २००८ मध्ये जाहीर होईपर्यंत सुमारे वीस महिने टिकला. तो काढणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, विचारणाही झाली होती. ज्यांना त्या ओळींचा अर्थ ठाऊक होता त्यांनी ती दुरुस्ती बारकाईने वाचली नाही, एवढीच उणीव राहिली.

याहून गंभीर प्रसंग खुद्द ओपनएसएसएलमध्ये उद्भवला. दोन संगणकांमधील जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक सोय तिच्यात घालण्यात आली होती. एका संगणकाने काही मजकूर व त्याची लांबी कळवावयाची आणि दुसऱ्याने तो मजकूर जसाच्या तसा परत पाठवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. कळवलेली लांबी खरी आहे काय, हे मात्र तपासले जात नव्हते. एखाद्याने एक अक्षर पाठवून लांबी हजारो अक्षरांची सांगितली, तर उत्तर देणारा संगणक उरलेली जागा आपल्या स्मृतीत शेजारी असलेल्या माहितीने भरून देई. तिच्यात परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्याही असू शकत. एका वेळी सु. ६४ किलोबाइटपर्यंत माहिती अशा प्रकारे बाहेर पडे व तिचा मागमूसही राहत नसे. ३१ डिसेंबर २०११ रोजी ही संहिता एका परीक्षकाच्या नजरेखालून जाऊन स्वीकारली गेली आणि मार्च २०१२ मधील आवृत्तीतून जगभर पसरली. गूगलमधील नील मेहता व फिनलंडमधील कोडेनोमिकॉन ही कंपनी यांना हा दोष स्वतंत्रपणे आढळला आणि ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने तो जाहीर झाला. त्या वेळी जगातील सुरक्षित सर्व्हरांपैकी सु. १७ टक्के, म्हणजे जवळजवळ पाच लाख, सर्व्हर या दोषाने ग्रस्त असल्याचा अंदाज करण्यात आला. कॅनडाच्या कर खात्यातून सु. ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले.

या घटनेने दोषाइतकेच त्यामागील परिस्थितीकडेही लक्ष वेधले. जगातील व्यापाराचा मोठा भाग ज्या आज्ञावलीवर विसंबून होता, तिच्यासाठी पूर्णवेळ काम करणारी एकच व्यक्ती होती आणि प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाकाठी सु. २,००० डॉलर इतक्याच होत्या. ती वापरणाऱ्या हजारो कंपन्यांपैकी प्रत्येकीची अशी समजूत होती, की संहिता दुसऱ्या कोणीतरी वाचलेलीच असेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टेफान शाझेलास यांना ‘बॅश’ या आज्ञावलीत एक गंभीर दोष आढळला. तो १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

२०१४ नंतरच्या सुधारणा : हार्टब्लीडनंतर तीन दिशांनी प्रयत्न झाले. पहिला प्रयत्न पैशाचा होता. एप्रिल २०१४ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या संगणक कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला किमान १ लाख डॉलर तीन वर्षे देण्याचे मान्य करून मूलाधार प्रकल्पांसाठी निधी उभारला. त्यातून ओपनएसएसएलच्या दोन विकसकांना पूर्णवेळ वेतन मिळू लागले. दुसरा प्रयत्न संहिता आटोपशीर करण्याचा होता. ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी ओपनएसएसएलपासून ‘लिब्रेएसएसएल’ ही वेगळी शाखा काढली व पहिल्याच आठवड्यात तिच्यातील ९०,००० हून अधिक ओळी गाळल्या. वाचावयाचा मजकूर कमी झाला तरच तो वाचला जाईल, हे त्यामागील सूत्र होते.

तिसरा प्रयत्न यांत्रिक चाचणीचा होता. मिलर यांच्या फझ पद्धतीला २०१३ पासून मायकेल झालेव्हस्की यांच्या ‘एएफएल’ या आज्ञावलीने नवे रूप दिले. कोणत्या निविष्टीमुळे (पुरवलेल्या मजकुरामुळे) संहितेचा आजवर न चाललेला भाग चालतो याकडे लक्ष ठेवून ती पुढील निविष्टी तयार करते. हार्टब्लीडचा दोष या साधनाने काही तासांतच सापडला असता, हे २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी अशा चाचणीची अखंड सेवा सुरू केली. ऑगस्ट २०२३ पर्यंत सु. १,००० प्रकल्पांतील सुरक्षिततेला बाधक असे १०,००० हून अधिक दोष तिच्यामुळे उघडकीस आले. यांशिवाय चाचण्या, दोषनोंद, सुरक्षाविषयक तक्रारींची व्यवस्था इ. निकष पूर्ण करणाऱ्या प्रकल्पांना गुणवत्तेचे चिन्ह देण्याची योजना २०१६ मध्ये सुरू झाली.

डेबियनमध्ये २०१३ पासून सुरू झालेला ‘पुनरुत्पाद्य संकलना’चा उपक्रमही उल्लेखनीय होय. प्रकाशित संहिता निर्दोष असली, तरी तिच्यापासून बनवलेले यंत्ररूप तिच्याशी जुळते याची खात्री नसते; संकलकातच लबाडी दडवता येते, हे केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवले होते. या उपक्रमात एकाच संहितेपासून कोणीही, कोठेही संकलन केले तरी शेवटच्या बिटापर्यंत एकच फलित मिळावे, अशी व्यवस्था करण्यात येते.

अवलंबित्वाची साखळी : नव्या आज्ञावल्या बहुधा शेकडो जुन्या घटकांवर रचलेल्या असतात. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने आपले सर्व घटक सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यांतील एक केवळ ११ ओळींचा होता. परंतु तो नाहीसा होताच जगभरातील असंख्य प्रकल्पांचे संकलन थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदी ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या घटकात असा दोष आढळला, की विशिष्ट अक्षरांचा मजकूर नोंदवला जाताच परक्या संगणकावरील आज्ञा आणून चालवल्या जात. तो २०१३ पासून अस्तित्वात होता आणि घटकाची देखभाल प्रामुख्याने स्वयंसेवकांकडे होती. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हा घटक आहे की नाही, हेच अनेक संस्थांना सांगता येईना.

यापूर्वीचे दोष अनवधानाने घडले होते; २०२४ मधील प्रसंग मात्र हेतुपुरस्सर फसवणुकीचा होता. माहितीचे संकोचन करणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीची देखभाल अनेक वर्षे लासे कॉलिन हे एकटे विनामोबदला करीत होते. २०२१ च्या अखेरीपासून ‘जिया टॅन’ या नावाने कोणी उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागले. काम मंदावल्याची तक्रार करून देखभाल दुसऱ्याकडे सोपवावी, असा दबाव २०२२ मध्ये इतर काही अपरिचित नावांनी आणला. कॉलिन यांनी आपल्या मानसिक प्रकृतीची अडचण सांगितली आणि हे काम म्हणजे विनावेतन छंद आहे याची आठवण दिली. कालांतराने त्या नव्या सहायकाला देखभालीचे अधिकार मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मधील आवृत्तीत दूरस्थ प्रवेशाच्या यंत्रणेला खिंडार पाडणारी संहिता घुसवण्यात आली. तिचा मुख्य भाग चाचणीच्या नमुना-धारिकांत दडवलेला होता आणि तो कार्यान्वित करणाऱ्या ओळी गिटमध्ये नव्हत्या. केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होत्या. अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते वेगळ्याच कामासाठी वेळेची मोजमापे घेत असता त्यांना दूरस्थ प्रवेशाला सु. अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे दिसले. त्याचा माग घेत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. सदोष आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचली असल्याने मोठी हानी टळली. परीक्षण, स्वाक्षरी व अंकमुद्रा या साऱ्या व्यवस्था असताना शेवटी थकलेल्या एका माणसाच्या एकटेपणाचा गैरफायदा घेतला गेला, ही या प्रसंगातील चिंतेची बाब होय.

भाषा व लिपी : दोष ओळखण्यासाठी पाहणारा जाणकार असावा लागतो, हे लिप्यांच्या बाबतीत विशेष जाणवते. मराठीत ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे भिन्न शब्द आहेत. पडद्यावर त्यांची रूपे सारखीच उमटली, तर मराठी न जाणणाऱ्या परीक्षकाला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. मराठीतील ल व श यांची रूढ वळणेही हिंदीहून निराळी आहेत. अक्षरांची जोडणी करणाऱ्या ‘हार्फबझ’ या मुक्तस्रोत घटकाचा वापर फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस व अँड्रॉइड यांत होतो. त्याचा भारतीय लिप्यांचा भाग सुधारताना विकिपीडियावरून जमवलेल्या शब्दांच्या मोठ्या याद्या वापरून त्याचे फलित मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी ताडून पाहण्यात आले. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेल्या ‘लोहित’ या भारतीय टंकांची देखभाल त्या कंपनीच्या पुणे येथील तंत्रज्ञांनी केली.

शासकीय धोरणे : अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे २०२१ मध्ये काढलेल्या आदेशाने शासनाला पुरवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीला महत्त्व दिले. जर्मनीने २०२२ मध्ये मूलभूत मुक्तस्रोत घटकांच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. यूरोपीय संघाचा सायबर-सुरक्षाविषयक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. त्यातील मुख्य बंधनांसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत आहे. विनाव्यापार संहिता देणाऱ्या स्वयंसेवकाला वगळून त्याने जबाबदारी प्रामुख्याने ती आपल्या उत्पादनात वापरणाऱ्या उत्पादकावर ठेवली आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय प्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा भर स्वीकारावर आहे.

मूल्यमापन : संहिता खुली असल्याने परीक्षण शक्य होते, परंतु तेवढ्याने ते घडून येत नाही, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो. गुणवत्तेतील प्रत्येक टिकाऊ सुधारणा, मग ती दोषांची नोंदवही असो, देखभालकर्त्यांची उतरंड असो, स्वयंचलित चाचणी असो वा पगारी विकसकाची नेमणूक असो, वाचण्या-तपासण्याचे काम कोणाच्या तरी निश्चित कर्तव्यात रूपांतरित झाल्यामुळे घडली आहे. उलट हार्टब्लीडपासून एक्सझेडपर्यंतच्या प्रसंगांत हे काम सर्वांचे म्हणून कोणाचेच राहिले नव्हते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. २०२४ मध्ये अशा साधनाने एसक्यूलाइटमधील एक दोष ती आवृत्ती प्रसृत होण्यापूर्वीच शोधून काढला. त्याच सुमारास ‘कर्ल’ या आज्ञावलीच्या विकसकांना यंत्राने रचलेल्या निराधार दोष-अहवालांचा निवाडा करण्यात वेळ दवडावा लागत होता. संहिता लिहिणे स्वस्त होत चालले असले, तरी ती समजून घेऊन वाचणाऱ्याचा वेळ पूर्वीइतकाच दुर्मिळ आहे. हा वेळ कोणी द्यावयाचा व त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, यावरच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची पुढील गुणवत्ता अवलंबून आहे.